हिच्या नाकाच्या भरवशावर

त्या दिवशी संध्याकाळी आम्ही हाटकेशहून काम करून आलो. एका वर्कशॉपचं ऑफिस होतं, मशीनच्या तेलाने फरशी काळी पडलेली. घरी आल्यावर मी पोछे धुतले आणि गॅलरीत वाळत घालायला घेतले. तशी ही आली, आणि रोजच्यासारखी एकेक पोछा नाकाला लावून बघायला लागली. एकाशी येऊन थांबली.

"यो परत धुवा. वास हाय तेलाचा."

"अगं, सोडा टाकून दोनदा धुतलाय."

"धुतला असंल. वास हाय."

"तुझ्या नाकाला काय, दिल्लीतला पण वास येईल."

"दिल्लीचा न्हाय येत. तुमच्या आलसाचा येतो."

मी परत धुतला. बादली जरा जास्तच आपटली, म्हणजे तिला ऐकू जावं. तिने परत हुंगला, मान हलवली आणि स्वतःच्या हाताने दोरीवर टाकला. मग डाळभात खाल्ला, तिने मला बातम्या लावू दिल्या नाहीत, आणि आम्ही झोपलो. सकाळी ती उठली नाही. डॉक्टर म्हणाले, झोपेतच हृदय बंद पडलं, काही त्रास झाला नाही. कोणाला त्रास झाला नाही, ते त्यांनी सांगितलं नाही.

ही होळीनंतरची गोष्ट. आता दिवाळी आली. आमच्या वसाहतीचा दिवाळी अंक काढणाऱ्या ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, काका, तुमच्या कामाचे अनुभव लिहा, जरा मजेचं लिहा. मी म्हटलं, बाई, मी चौथी शिकलेला माणूस. त्या म्हणाल्या, बोलता तसं लिहा, ऱ्हस्वदीर्घ मी बघते. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "काका, आता काम बंदच का?" हा प्रश्न मला सगळेच विचारतात. त्याचं उत्तरही लिहितो, पण शेवटी. आधी एक गोष्ट सांगतो, नाहीतर पुढचं काही कळणार नाही.

मला वास येत नाही.

सर्दी नाही, म्हातारपण नाही. मीरा रोडला बिल्डिंगांवर बिल्डिंगा उभ्या राहत होत्या तेव्हा मी एका कंत्राटदाराकडे होतो. नव्या फ्लॅटच्या लाद्यांवर सिमेंट सांडलेलं असतं, रंग सांडलेला असतो. ते काढायला आम्ही ॲसिड मारायचो. खिडक्या बंद, कारण शेजारच्या मजल्यावरून बोंब नको. तोंडाला रुमाल. रुमालाने काय होतं? नाक हळूहळू गेलं, कधी गेलं ते मलाही कळलं नाही. कळलं हिला. बाजारातून आली तर घरभर धूर, गॅसवर दूध करपून काळं झालेलं, आणि मी पाठ करून टीव्हीवर क्रिकेट बघतोय. माझ्याशी भांडायच्या तयारीने आली होती. पण भांडायचं सोडून कपाटातली हिंगाची डबी काढून माझ्या नाकाशी धरली. मग कांदा. मग घासलेट. मी नाही नाही म्हणत गेलो. तिने डबीचं झाकण लावलं आणि म्हणाली, "आता त्या कामावर जायाचा न्हाय." त्या दिवसापासून ॲसिड, फिनेल, हार्पिकछाप काहीही आमच्या घराचा उंबरा ओलांडून आत आलं नाही.

काम सोडलं, मग खाणार काय? काम तर मला एकच येत होतं. ही म्हणाली, कामाला काय झालंय, सामान बदला. हिचं माहेर घोडबंदरकडचं, मिठागरावर राबलेली माणसं. मिठाने काय काय घासलं जातं ते तिला लहानपणापासून पाठ. रिठे, चिंच, राख, सोडा, लिंबाच्या साली हे सगळं तिचंच डोकं. आता त्याला इको म्हणतात, नॅचरल म्हणतात, बाटलीवर हिरवं पान छापतात. आम्ही त्याला स्वयंपाकघर म्हणायचो.

बाहेरच्या माणसाला वाटतं यात काहीतरी गुपित आहे. काही नाही. तेलकट असेल तिथे रिठ्याचं पाणी किंवा धुण्याचा सोडा, गरम पाण्यात. आपल्याकडे टँकरच्या पाण्याने नळांवर पांढरे थर चढतात, त्याला आंबट लागतं. चिंचेचा कोळ नाहीतर लिंबाचं पाणी फडक्याला लावून नळाला गुंडाळून ठेवायचं आणि चहा प्यायचा. चहा संपेपर्यंत थर सुटलेला असतो. खरवडायला जाडं मीठ. मेहनत मात्र बाटलीत मिळत नाही, ती खांद्यातूनच काढावी लागते.

आणि एक सांगून ठेवतो. हल्ली मोबाईलवर बघून लोक सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात. फस्स करून फेस येतो, बघणाऱ्याला वाटतं काय साफ होतंय. अहो, आंबट आणि सोडा एकमेकांना मारतात, खाली उरतं खारं पाणी. वेगवेगळे वापरले तर दोघंही कामाचे. नवराबायकोसारखंच आहे, दोघांनी एकाच वेळी तोंड उघडलं की नुसता फेस.

स्वयंपाकघरातलं आहे म्हणजे कुठेही लावावं असंही नसतं. इंद्रलोक वसाहतीतल्या एका मॅडमनी देवघराच्या संगमरवरावर लिंबू घासलं. संगमरवराला आंबट चालत नाही, दगड खातं ते. मधोमध धुरकट डाग पडला आणि आम्हाला फोन आला. मी सरळ सांगितलं, मॅडम, हा डाग नाही, दगडच गेलाय, पॉलिशवाला बोलवा. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, दुसऱ्या दिवशी घरी पूजा होती. तशी हिने मला कोपराने ढोसलं आणि त्यांना म्हणाली, "ताई, देव कुठं बसतो? मधी ना? मग त्याला लाल आसन टाका न वर बसवा. देव काय आसन उचलून बघत न्हाय." पूजा झाली. पॉलिशवाला मागाहून आला.

तर आमचं काम असं चालायचं. मी हात, ही नाक. डोळ्याला दिसतं ते घरातली माणसंही साफ करतात. आमचं काम फ्रिजच्या मागे, बेसिनच्या खाली, मोरीच्या जाळीत. तिथे काय राहिलंय ते नाकालाच कळतं. घर झालं की ही चपला बाहेर काढून अनवाणी सगळ्या खोल्यांतून फिरायची. कुठेतरी थांबायची, बोट दाखवायची. मी गुडघ्यावर. "झाला" म्हणाली की सामान उचलायचं. ती म्हणेपर्यंत मला काहीच कळायचं नाही. मी घासलेलं घर साफ झालंय की नाही, हे माझं मला कधीच सांगता आलेलं नाही. वास न येणारा सफाईवाला म्हणजे बहिरा तबलजी. हिच्या नाकाच्या भरवशावर आमचा धंदा चालला, आणि चांगला चालला.

गिऱ्हाईकं एकेक भेटली. एक रिटायर साहेब होते, बँकेत मोठ्या खुर्चीवर बसलेले. दिवसभर राबून त्यांचं घर आम्ही आरशासारखं केलं. साहेबांनी हॉलच्या मधोमध उभं राहून दीर्घ श्वास घेतला आणि कपाळाला आठी घातली.

"वास कुठे आहे?"

"कसला वास, साहेब?" मी विचारलं.

"स्वच्छतेचा. काही केल्यासारखं वाटत नाहीये."

ही म्हणाली, "साहेब, आमी वास काढाया येतो, आनाया न्हाय."

"ते ठीक आहे हो, पण मला कळणार कसं?"

त्यांचंही बरोबर. खाली कुंडीत गवती चहा लावलेला होता. हिने मूठभर कापून आणला, उकळला आणि त्या पाण्याने दारं पुसली. साहेब परत मधोमध उभे राहिले. "हां," म्हणाले, "आता कसं क्लीन झालं." जिना उतरेपर्यंत ही पदर तोंडात धरून हसत होती. पुढे दर दिवाळीला आम्ही त्यांच्याकडे जायचो आणि साफसफाई नंतर, आधी गवती चहा उकळायला ठेवायचो.

सगळ्यात मोठं संकट आलं ते आमच्याच बिल्डिंगमध्ये. एक वाटी गूळ, तीन वाट्या लिंबू-मोसंबीच्या साली, दहा वाट्या पाणी, हे कॅनमध्ये भरून तीन महिने ठेवलं की फरशी पुसायचं फार चांगलं पाणी तयार होतं. मोसंबीच्या साली ज्यूसवाल्याकडून आणायच्या. कॅनमध्ये हवा धरते म्हणून सुरुवातीला रोज झाकण सैल करायचं. आम्ही गॅलरीत ओळीने कॅन लावले होते. मी इमानदारीने रोज झाकणं सैल करत होतो. एका सकाळी दारावर सेक्रेटरी, सोबत कमिटीचे दोघं, आणि मागे समोरच्या फ्लॅटमधल्या हंसाबेन, नाकाला पदर लावून.

"काका, राग मानू नका," सेक्रेटरी म्हणाले. "कंप्लेंट आहे. तुमच्याकडून दारूचा वास येतो. म्हणजे हातभट्टीसारखा."

"कसला वास?" मी म्हटलं. मला खरंच माहीत नव्हतं. त्यांना वाटलं म्हातारा नाटक करतोय.

"भाई, आखो पॅसेज गंधाय छे," हंसाबेन मागून म्हणाल्या. "हमारे घर में तो लसूण भी नहीं आता."

सेक्रेटरी गॅलरीत गेले. कॅन बघितले, त्यातला बुडबुडणारा माल बघितला आणि कमिटीकडे असं बघितलं की आता फक्त पोलिसांना फोन करायचा राहिला. गूळ आंबला की तसा वास येतोच, हे मला आजवर ऐकूनच माहीत आहे. ही स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली. झाकण काढलं, वाटी बुडवली आणि सेक्रेटरींच्या पुढे धरली.

"घ्या. चाखून बघा."

"छे छे, मी घेत नाही."

"घेत न्हाय तर मंग हातभट्टीचा वास कसा ओलखला?"

कमिटीतले दोघं छताकडे बघायला लागले. हंसाबेनचा पदर नाकावरून खाली आला आणि त्या अशा हसायला लागल्या की त्यांना स्टूल द्यावं लागलं. सेक्रेटरी पण शेवटी हसले. हिने त्याच पाण्याने सगळा जिना पुसून दाखवला. कॅन मात्र गॅलरीतून गच्चीत न्यावे लागले. त्या दिवसापासून हंसाबेन आणि हिचं जे जमलं ते जमलंच. हंसाबेन विधवा, मुलगा सुरतेला. हिला त्या सुमनबेन म्हणायच्या. दुपारी दोघी दाराच्या चौकटीत बसायच्या, एक गुजरातीत बोलायची, एक आगरीत, आणि कोणाचं काही अडायचं नाही.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. एका घरात कोंदट वास येत होता, जात नव्हता. नवराबायको दोघं नोकरीवाले. उंदीर मेला असेल म्हणून त्यांनी फर्निचर हलवलं होतं, मोऱ्या धुतल्या होत्या, फवारे मारले होते. ही अनवाणी फिरली आणि बेडरूममधल्या माळ्याखाली थांबली. वर एक जुनी बॅग होती. आत लुगडी, डांबराच्या गोळ्या घालून ठेवलेली, ओल लागून बुरशी आलेली. नवऱ्याच्या आईची. ती जाऊन दोनएक वर्षं झाली होती. सूनबाई म्हणाली टाकून द्या, मुलगा म्हणाला अजिबात नाही. ही म्हणाली, टाकायची कशाला, मी धुऊन देते.

घरी आणून रिठ्याच्या पाण्यात एकेक लुगडं धुतलं, सावलीत वाळवलं, घडीत वेखंड आणि कडुलिंबाचा पाला घातला. नव्यासारखी झाली. आम्ही मिरवतच घेऊन गेलो. मुलाने वरचं लुगडं उचललं, तोंडाजवळ नेलं, आणि तसाच उभा राहिला. मग म्हणाला, "खूप छान धुतलंत, मावशी." आणि थोड्या वेळाने, "आईचा वास गेला."

वाईट बोलला नाही. चहा पण दिला. पण परत येताना रिक्षात ही रिकाम्या पिशवीची घडी घालत राहिली. मी म्हटलं, अगं बुरशी आली होती, कुजली असती. ती म्हणाली, "तुमाला न्हाय कलायचा." तेव्हा नाही कळलं. लोक सांगतात, माणूस गेल्यावर त्याच्या कपड्यांना काही दिवस वास राहतो. हिच्या साड्या कपाटात आहेत. मला त्याचा उपयोग नाही.

त्यानंतर मात्र गेलेल्या माणसाची कुठलीही वस्तू असली की ही आधी विचारायची, धुऊ का?

आता शेवटचं. ही गेली त्या दिवशी दुपारपर्यंत सगळं आटपलं. स्मशानातून आलो, आंघोळ केली, बसलो. ज्या जागेवर हिला ठेवलं होतं तिथे पीठ पसरून दिवा लावला होता. हिचा भाऊ पांडू घोडबंदरहून आला होता, तो दिव्यापाशीच झोपला. आम्हाला मूलबाळ नाही, तोच काय तो घरचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी हंसाबेन चहा घेऊन आल्या. सुतकाच्या घरात चूल पेटवत नाहीत, म्हणून. पदर नाकाला लावलेला, डोळे लाल. मला वाटलं रडतायत. मी म्हटलं, "बसा."

"भाई, बारी खोलो ने," त्या खिडकीकडे बोट करून म्हणाल्या. "फिनाइल बहुत हो गया."

"काय बहुत झालं?"

"काल आप सब गये, तब हम लोगोंने घर धोया ना. मैंने पूरी बाटली डाली. सुमनबेनचं घर, साफ तो होना चाहिए." आणि मग त्यांच्या लक्षात आलं. आपण कोणाच्या घरात काय ओतलं ते लक्षात आलं. त्यांनी चहाची किटली खाली ठेवली.

मी पांडूकडे बघितलं. "तुला येतोय वास?"

"कालपास्नं येतोय, दाजी. डोका दुखतंय. मना वाटला तुमाला ठावं हाय."

मला काय ठावं असणार? अख्खी रात्र मी त्या वासात बसलो होतो आणि मला घर तसंच वाटलं होतं. हिच्या घरात फिनेल, आणि सांगायला ही नाही. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की काय झालंय. काल इतकी माणसं रडली, तेव्हा नव्हतं कळलं. मी मनात म्हटलं, संपलं आपलं काम. जो स्वतःच्या घरातलं ओळखत नाही तो दुसऱ्याचं काय धुणार.

मग उठलो, लुंगी वर खोचली आणि बादली घेतली.

"दाजी, आज ह्या करायचा नसतं," पांडू म्हणाला. "लोक काय बोलतील?"

"लोकांना बोलू दे. तू दिवा सांभाळ."

हंसाबेन रडायला लागल्या. "भाई, मेरी भूल हो गई. तमे बेसो, मैं करती हूँ."

"तुम्हाला घासायचं नाहीये," मी म्हटलं. "तुम्ही ओतलंत, आता तुम्हीच हुंगा."

त्यांना वाटलं मी रागावलोय. मी रागावलो नव्हतो. मला दुसरं कोणी माहीत नव्हतं. मी गिझरच्या गरम पाण्याने अख्खं घर पुसून काढलं, पाणी बदलून परत पुसलं, मग लिंबाच्या पाण्याने. खिडक्या सगळ्या उघड्या. हंसाबेन चपला काढून एकेका खोलीत उभ्या राहायच्या, आधी लाजत, मग जरा धीटपणे. "रसोडामां हजी छे." मी परत स्वयंपाकघरात. "पलंग नीचे." मी पलंगाखाली आडवा. त्यांच्या सांगण्यात हिच्यासारखी जरब नव्हती, पण चुकत नव्हत्या. सगळ्यात शेवटी दिव्यापाशी आल्या, खाली बसल्या आणि हळूच म्हणाल्या, "अहीं छे."

पिठाला हात लावायचा नाही, दिवा हलवायचा नाही. मी ओलं फडकं बोटाला गुंडाळलं आणि पिठाच्या कडेकडेने लादीच्या सांध्यातून बोट फिरवलं. पांडू श्वास रोखून बघत होता.

"आता?"

"थोडो छे."

परत फिरवलं. "आता?"

हंसाबेननी डोळे मिटले. बराच वेळ लावला. मग मान हलवली. "नथी."

मी तिथेच भिंतीला टेकून बसलो. मग म्हटलं, "तेरावं झालं की इंद्रलोकला एका मॅडमचं घर आहे. हिने शब्द दिलेला आहे. याल का?"

"मैं? मने तो कुछ आता नहीं, भाई."

"हुंगता येतं ना? बाकी मी करतो."

त्या उठल्या. चहा थंड झाला होता, तो किटलीसकट उचलून घरी गेल्या आणि गरम करून आणला. पांडूला कप दिला, मला कप दिला. आणि कपाकडे बघतच म्हणाल्या, "शनिवारे नहीं. शनिवारे मारो उपवास छे."

मी म्हटलं, "मग रविवारी जाऊ."